किसनमामांचं पान

बिराजदार सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, महानंदाचा. "शिवराजदादा, अप्पा गेले. सकाळी अंघोळ झाली, पूजा झाली, खुर्चीत येऊन बसले ते बसलेच..." मग म्हणाली, "आपल्या लिंगायतांत माणसाला बसवूनच निरोप देतात ना, दादा. अप्पांनी तेवढंही काम दुसऱ्याला ठेवलं नाही." ती रडता रडता हसत होती. सरांचीच मुलगी.

मी डबा झाकला. सरांबद्दल लिहायला बसलोय तर पहिल्यांदा हे कबूल करायला हवं, की फोन ठेवल्यावर माझ्या मनात जे आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, आता किसनमामांविषयी कोणी विचारणार नाही. एवढा हलका झालो मी, आणि त्या हलकेपणाची लगेच इतकी लाज वाटली, की दुपारच्या तासाला वर्गात उभं राहवेना. मुलांना वाटलं मला बरं नाही. त्यांनी आनंदानं वर्ग रिकामा केला.

मन्मथ बिराजदार नांदेडला आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे. शाळा गिरणीच्या मागच्या अंगाला. आमची घंटा कधी वेळेवर व्हायची नाही, पण गिरणीचा भोंगा व्हायचा, आणि सगळी वस्ती त्या भोंग्यावर जेवायची, झोपायची, मुलांना शाळेत हाकलायची. सर आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'हा भोंगा कोण वाजवतो?' आम्हाला वाटलं कोडं आहे. कोणी म्हणालं मशीन, कोणी म्हणालं मॅनेजर. सर म्हणाले, "मालक, उद्या विचारून या." ते आम्हा सगळ्यांना मालक म्हणायचे. हमालाच्या पोराला मालक, वकिलाच्या पोराला मालक. दुसऱ्या दिवशी चार पोरं खरंच गेटावर जाऊन विचारून आली, आणि भोंगा वाजवणाऱ्या माणसाला एक नाव आहे, त्याला दोन मुली आहेत आणि रविवारी त्याला भोंग्याशिवाय करमत नाही, हे साऱ्या वर्गाला कळलं. सर खूश. पुस्तकात पानिपत होतं, ते त्यांनी शिकवलं नाही असं नाही. पण पानिपतावर जितके तास दिले तितकेच गिरणीवर दिले. नांदेडात गिरणी आली तेव्हा गावात कोण कुठून राहायला आलं, कोणत्या खात्यात कोणत्या वस्तीची माणसं भरली गेली, पाळीची वेळ बदलली तेव्हा बाजाराची वेळ कशी बदलली... हे सगळं त्यांना येत होतं असं नव्हे. ते आमच्याकडून काढून घ्यायचे. "मला काय माहीत? मी उदगीरकडचा दुकानदाराचा पोरगा. तुमचे बाप-काके तिथं जातात, तुम्ही सांगा."

त्यांची एक रीत होती. प्रत्येकानं एका कामगाराला गाठायचं, त्याचं काम नीट समजून घ्यायचं आणि एक पान लिहायचं. तेवढ्यावर संपायचं नाही. लिहिलेलं पान त्याच माणसाला वाचून दाखवायचं. त्यानं चूक काढली तर दुरुस्त करायची, मगच खाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. पान हातात दिलं की सर मजकुराकडे न बघता आधी विचारायचे, "कोणाला वाचून दाखवलंस?" हा प्रश्न त्यांनी किती पोरांना विचारला असेल त्याला हिशेब नाही.

ही रीत कुठून आली तेही त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सर नुकते शिकून बाहेर पडले होते. दुकानात बसायचं नव्हतं आणि नोकरी नव्हती, म्हणून जळकोटजवळ तलावाच्या कामावर हजेरी लिहायला लागले. शेकडो माणसं माती वाहायची, खडी फोडायची, आणि संध्याकाळी सरांच्या टेबलापुढे रांगेनं येऊन जांभळ्या शाईत अंगठा बुडवायची. एकदा गंगाबाई नावाची म्हातारी अंगठा उठवून तिथंच उभी राहिली. म्हणाली, "माझ्या नावापुढं काय लिव्हलंस ते वाच की." सरांनी वाचलं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव, हजर. ती म्हणाली, "आन् म्या काय केलं ते?" सर सांगायचे, "मालक, माझ्याकडं उत्तरच नव्हतं. एवढं मोठं रजिस्टर, आणि त्यात तिनं काय केलं तेच नाही." पुढे शिक्षक झाल्यावर ते त्या म्हातारीला उत्तर देत होते, असं मला आता वाटतं.

माझं पान मी लिहिलं ते लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात. पंधरा ऑगस्टला उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा होणार, म्हणून आमच्याही घरात धांदल होती. माझे वडील महसूल खात्यात अव्वल कारकून. नव्या जिल्ह्याच्या कचेरीला जुनी माणसं हवी होती, त्यात त्यांची बदली लागली. सरांनी तर वर्गातल्या नकाशावर खडूनं रेघच मारली आणि आपल्या आईची गोष्ट सांगितली. "माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आमचं गाव बीदर जिल्ह्यात. म्हातारी झाली उस्मानाबाद जिल्ह्यात. आता तिला लातूर जिल्ह्यात नातवंडं खेळवायची आहेत. आणि मालक, या सगळ्यात तिनं चूल वीतभरही हलवलेली नाही." वर्ग हसून लोळला. मीही हसलो, पण हसता हसता दिवस मोजत होतो. पान द्यायला चार दिवस उरले होते आणि मी अजून एकाही कामगाराशी बोललो नव्हतो.

गेलो नव्हतो असं नाही. दोनदा पाळी सुटायच्या वेळी गेटासमोर जाऊन उभा राहिलो. भोंगा झाला की माणसांचा लोंढा बाहेर यायचा, हातात डबे, केसांत कापसाचे पांढरे तंतू, जशी काही सगळी एकदमच म्हातारी झाली आहेत. कोणाला थांबवायचं? मी बुजरा. एक माणूस स्वतःहून थांबला आणि म्हणाला, "कोणाचा रे तू? कोणाला हुडकून राहिला?" तर मी चक्क पळालो. पुढे घरी सामान बांधणं सुरू झालं. शेवटी कुलूप घातलेल्या ट्रंकेवर बसून मी पान लिहिलं. किसनमामा नावाचा माणूस घडवला. साचेखात्यात, म्हणजे जिथं कापड विणतात तिथं, त्यांना दोन माग दिले. शेजारच्या मागावर बाबूराव नावाचा मित्र दिला. पहाटेच्या पाळीला दोघं काम करता करता हलक्या आवाजात घरातली सुखदुःखं सांगतात, मामा अभंग गुणगुणतात, बाबूराव त्यांना साथ देतात, आणि खिडकीतून आमच्या शाळेची प्रार्थना ऐकू आली की मामांच्या डोळ्यांत पाणी येतं. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण त्या वेळी मला ते इतकं सुंदर वाटलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. खाली अंगठा हवा होता. वडिलांचं शाईचं पॅड टेबलावर होतं. मी माझा डावा अंगठा उठवला.

सरांनी विचारलं, "कोणाला वाचून दाखवलंस?" मी म्हणालो, "किसनमामांना." सरांनी पान घेतलं, वरून खाली वाचलं, अंगठ्यापाशी जरा थांबले, आणि मला म्हणाले, "वर्गात वाच." मी वाचलं. टाळ्या पडल्या. मग सर टेबलावर बसले आणि कोणाकडेही न बघता गंगाबाईची पुढची गोष्ट सांगायला लागले. त्या म्हातारीला एके दिवशी ताप आला आणि ती कामावर आली नाही. हजेरी नाही तर कामावर खायला मिळणारी सुकडीही नाही. सरांनी रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उठवला. "खोटा अंगठा मीही लावलाय, मालक. दुसऱ्या दिवशी गंगाबाई आली, तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंस, पण सांगितलंस ते जास्त बरं केलंस." एवढं सांगून त्यांनी खिडकीबाहेर बघत पुष्कळ वेळ दिला... आता कळतं, तो वेळ मला दिला होता. मी वहीच्या कडेला फुलं काढत राहिलो.

तास संपल्यावर ते एवढंच म्हणाले, की किसनमामांना एकदा शाळेत बोलावू. मी तयारच होतो. म्हणालो, सर, ते याच आठवड्यात रिटायर झाले, गावाला गेले. कुठलं गाव? माझ्या तोंडात आलं किल्लारी, कारण त्या बाजूला माझी आत्या दिली होती. "अरे वा, म्हणजे तुझ्याच नव्या जिल्ह्यात," सर म्हणाले. "मग खबर कळवत जा."

आणि मी कळवत गेलो. सरांचं कार्ड महिन्या-दोन महिन्यांनी यायचं. नांदेडची हालहवाल, गोदावरीला पाणी किती, वर्गात कोणी काय विचारलं, आणि शेवटच्या ओळीत न चुकता, 'किसनमामा कसे आहेत?' मी काय करणार? मामांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं. मामा मुलीकडे परभणीला गेले, तिथं त्यांना करमेना, परत आले. नातीचं लग्न झालं, त्याला मी गेलो होतो असंही लिहिलं, जेवणात काय होतं तेही लिहिलं. सरांचं उत्तर आलं, 'बुंदी केली होती हे वाचून बरं वाटलं.' कॉलेजात गेल्यावर मला हे सगळं सहन होईना. खरं सांगण्याऐवजी मी एका दुपारी कार्डावर मामांना मारून टाकलं. झोपेतच गेले, फार हाल झाले नाहीत. आठ दिवसांत सरांचं कार्ड. 'वाईट झालं. बोलका माणूस होता. वर्गात दोन मिनिटं उभे राहिलो. मागच्या बाकावरची दोन मुलं हसली, त्यांना मी रागावलो नाही.' त्या हसणाऱ्या मुलांचा मला फार राग आला होता, हेही सांगून टाकतो.

वाटलं होतं सुटलो. पण दर जूनमध्ये कार्ड यायचं, 'तुझं पान या वर्षीही वर्गात वाचलं. मुलांचा उत्साह बघायला तू हवा होतास.' मी स्वतः इतिहासाचा मास्तर झालो तरी कार्डं चालूच. म्हणजे नांदेडची पोरं वर्षानुवर्षं माझी थाप खरी धरून चालली होती. एका गावाचा इतिहास शिकवायला ज्या माणसानं आयुष्य घातलं, त्याच्या पिठात मी खडा टाकून ठेवला होता. हे मला टोचायचं. पण कळवायचं म्हटलं की हात उठायचा नाही.

मग किल्लारीचा भूकंप झाला. सर नांदेडहून मिळेल त्या गाडीनं निघून आले आणि मला सोबत घेऊन गेले. आम्ही पत्रे उचलले, याद्या केल्या, कोण कुठल्या तंबूत आहे ते ओरडून सांगितलं. त्या गावच्या मातीत मी कार्डावर एक माणूस सहज मारला होता. तिथं खरी माणसं गेलेली बघताना मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. आणि सरांनी त्या सगळ्या दिवसांत किसनमामांचं नाव एकदाही काढलं नाही. एकदाही नाही. इतका थट्टेखोर माणूस, कुठं गप्प बसायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

शेवटची भेट झाली लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात. रिटायर होऊन सरांना बरीच वर्षं झाली होती. नांदेडची गिरणी कधीच बंद पडली होती, भोंगाही. एका सकाळी दारात रिक्षा थांबली आणि सर उतरले, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. "दुष्काळात पाहुण्यानं आपलं पाणी आपण आणावं, मालक. हे गोदावरीचं आहे, पिऊन बघा." बायकोनं ते कॅन देवापुढे ठेवले. चहा पीत असतानाच त्यांनी विचारलं, तुझी मुलं काय लिहितात? मी खाली बघितलं. आमच्या लातूरला मुलं डॉक्टर व्हायला येतात, इतिहासाला उरलेली. इतिहास म्हणजे मी सांगतो त्या नोट्स, आणि मी सांगतो त्या गाइडमधल्या. सर रागावले नाहीत. म्हणाले, "पाण्याच्या गाडीचा फोटो सगळ्यांनी काढला. पाइप जोडणाऱ्याचा कोणी काढला का?"

त्या दुपारी ते माझ्या नऊ मुलांना घेऊन स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसले. आत सोडत नव्हते, पण पाइप जोडणारी माणसं चहाला बाहेर येणारच, असं त्यांचं म्हणणं, आणि ती आली. दोन दिवसांनी मुलांनी पानं आणली. निकिता नावाच्या मुलीला सरांनी विचारलं, "कोणाला वाचून दाखवलंस?" ती म्हणाली, "त्या काकांनाच, सर. त्यांनी दोन चुका काढल्या." सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "दोन? मग तुझं पान खरं आहे."

त्यांना बसवायला मी स्टँडवर गेलो. नांदेडची गाडी लागायची होती. ते पायरीवर बसून शेंगा सोलत होते. शेंग फोडता फोडता सहज म्हणाले, "तुझ्या किसनमामांनी एकही चूक काढली नव्हती, नाही का?"

माझं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात गाडी लागली, माणसं धावली, सरही आपली पिशवी घेऊन धावले आणि जागा पकडून खिडकीतून हसत बसले. गाडी निघायला चांगली दहा मिनिटं होती. दहा मिनिटं मी खिडकीखाली उभा राहून त्यांच्याशी उन्हावर बोललो.

त्यांच्या जाण्यानंतर पंधरा दिवसांनी महानंदाचा पुन्हा फोन आला. सरांच्या ट्रंकेत सगळी पानं नीट लावून ठेवलेली सापडली, जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांचं पुस्तक काढायचं ठरवलंय. "आणि पहिलं पान तुमचं घ्यायचं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, दादा." मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. वाटेत भाषण जुळवत होतो. पोराच्या थापा एक वेळ वर्गात खपतात, पण छापून आल्या की त्या गावाचा इतिहास होतात. आता गप्प बसलो तर सरांना मी जिवंतपणी फसवलं आणि मेल्यावरही.

त्यांच्या बैठकीत महानंदा होती आणि खुर्चीत एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ चहा बशीत ओतत होते. रशीदभाई, तिनं ओळख करून दिली, गिरणीत साचेखात्यात होते, अप्पांचे दोस्त, ऐकायला कमी येतं. मी चप्पल काढून उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "महानंदा, ते पान काढून टाक. मी गेटावरून पळून आलो होतो. किसनमामा नव्हतेच कधी. अंगठा माझा आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, इतकी की आतून काकू, सरांच्या पत्नी, बाहेर आल्या. "दादा, अहो, सगळ्या नांदेडात हे माहीत नसलेले तुम्ही एकटेच."

रशीदभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "हौ, त्या मामाला मी पहिल्या दिवसापासून वळखतो. आमच्या खात्यात त्याचं गाणं लई गाजलं." आणि ते हसले तेव्हा मला कळलं की त्यांनी माझं बोलणं ऐकलं नव्हतं, वाचलं होतं. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालतात. तिथं शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. सगळं आयुष्य ही माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलत आली. कान गेले ते तिथंच. आणि मी त्या खात्यात अभंग गायला लावले होते, शाळेची प्रार्थना ऐकवली होती.

पुढचं महानंदानं सांगितलं. पान मिळालं त्याच दिवशी सर ते घेऊन रशीदभाईंकडे गेले होते. अंगठा बघूनच त्यांना कळलं होतं. दुष्काळात हजारो अंगठे बघितलेला माणूस, विणकराचा अंगठा आणि पोराचा अंगठा त्याला कळणार नाही? पण त्यांनी पान फाडलं नाही. पुढच्या वर्षी माझं नाव झाकून नव्या मुलांपुढे ठेवलं आणि सांगितलं, यात एक मोठी चूक आहे, गिरणीत जाऊन शोधून आणा. मुलं साचेखात्याच्या दारात जाऊन उभी राहायची आणि कानावर हात ठेवून हसत परत यायची. दर वर्षी. गिरणी बंद झाल्यावर रशीदभाई स्वतः वर्गात येऊन नुसते ओठ हलवून बोलायचे आणि मुलांनी ओळखायचं. मागच्या बाकावरची ती दोन मुलं का हसली होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं.

"मी म्हणलो सरांना," रशीदभाई म्हणाले, "पोराला सांगून टाका, कशाला तरसवता. सर म्हणले, मी सांगितलं तर त्याची सुटका मी केली असं होईल. येईल तो. पान पुरं करायला येईल."

महानंदानं पान काढून दिलं. कडा जीर्ण, मधे घडीची फाट. माझं गोल गोल अक्षर. खाली तो चिमुकला जांभळा अंगठा. आणि समासात सरांची पेन्सिल, वेगवेगळ्या वर्षांची. 'मोतीबिंदू. ऑपरेशन ठीक.' 'परभणीला करमेना.' 'नातीचं लग्न, बुंदी.' 'वारले.' त्याच्याखाली, 'किल्लारीला काही विचारलं नाही.' आणि सगळ्यांत खाली, हाताला कंप सुटल्यावरचं अक्षर, 'स्टँडवर सांगणार होता. गाडी लवकर सुटली.'

गाडी लवकर सुटली नव्हती, चांगली दहा मिनिटं होती. सरांनी शेवटी माझ्यासाठी हजेरीत तेवढा एक खोटा अंगठा उठवून ठेवला होता.

मी रशीदभाईंसमोर वेताचा मोडा ओढून बसलो आणि ते पान त्यांना वाचून दाखवलं. हळू, ओठ नीट हलवत. ते डोळे बारीक करून बघत होते. अभंगापाशी त्यांनी हात वर केला, "हे काट." प्रार्थनेपाशी पुन्हा हात वर, "खिडक्या न्हवत्याच तिथं. हवा लागली की सूत तुटतं. काट." बाबूरावापाशी मात्र थांबले. म्हणाले, "हे ऱ्हाऊ दे. शेजारी दोस्त होता. आम्ही बोलायचो बी. फक्त आवाज न्हवता." संध्याकाळपर्यंत अकरा चुका निघाल्या. मी नवं पान लिहिलं, तेही वाचून दाखवलं, त्यात आणखी तीन निघाल्या. मग त्यांनी खाली उर्दूत सही केली, वळणदार, सावकाश. महानंदानं सरांचं शाईचं पॅड आणलं. ते वाळून कडक झालं होतं, तिनं वर चार थेंब पाणी टाकलं आणि जुनं पान माझ्यापुढे सरकवलं. "तुमचाही, दादा." मी त्या चिमुकल्या अंगठ्याशेजारी माझा अंगठा उठवला. नवा दुप्पट मोठा, मध्ये एक कापल्याची खूण. बाकी रेघ न् रेघ तीच.

दोन्ही पानं पुस्तकात समोरासमोर येणार आहेत.

ती जांभळी शाई साबणानं जात नाही. लातूरला परत आल्यावर वर्गात हजेरी घेताना पुढच्या बाकावरच्या मुलांनी अंगठा बघितला आणि विचारलं, सर, मतदान झालं का कुठं? मी हजेरीपट मिटला आणि भोंग्यापासून सुरुवात केली. तास संपला तरी कोणी उठलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर मी म्हणालो, हे मी लिहून काढणार आहे, पेपरात देणार आहे. मागून एका मुलानं हात वर केला. त्यानं सरांना कधी पाहिलंही नव्हतं.

"सर, कोणाला वाचून दाखवणार?"

महानंदाला वाचून दाखवलं. तिनं चार चुका काढल्या.